ध्वजस्तंभाच्या अलीकडे

मी बरीच वर्षं जावई आहे, आणि लाडाने सांभाळला गेलेला जावई आहे. पुण्याला पत्नीच्या माहेरी गेलो की तिचे थोरले बंधू आजही माझ्या आधी पानावर बसत नाहीत. माझे केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी त्यांच्या तोंडी मी अजून ‘जावईबापू’च आहे. अधिक महिन्याचं वाण, दिवाळीचं पहिलं अभ्यंग, गाडीतली पुढची जागा हे सगळं मला मिळत गेलं आणि मी घेत गेलो. मी असं काय केलं होतं म्हणून हे मिळतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. लग्न केलं होतं, एवढंच.

माझा स्वतःचा जावई जर्मन आहे. आम्ही राहतो त्या दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन भागातल्याच एका खेड्यातला. प्राथमिक शाळेत शिकवतो. आमची मुलगी ब्योब्लिंगेनमध्ये लहानाची मोठी झाली. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीतच आहे. जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला, त्या उन्हाळ्यात तिचं लग्न स्टान्डेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयात झालं. बाहेर गाड्यांना झेंडे लावून पोरं हॉर्न वाजवत होती आणि आत नोंदणी करणाऱ्या बाई कायद्याची वाक्यं वाचत होत्या. मग एका बागेतल्या हॉटेलात आम्ही दोन्हीकडचे मिळून जेवलो. पुण्याला मी फोनवर कळवलं, “छोटंसंच केलं.”

“आणि विधी?” मेहुण्यांनी विचारलं.

“नंतर बघू,” मी म्हणालो.

ते नंतर कधी आलं नाही, कारण मी ते येऊ दिलं नाही. जावई मात्र आमच्या घरात माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर रुळला. दर रविवारी दोघं जेवायला यायची. “आई, अजून थोडी आमटी,” हे वाक्य त्याने कुठल्याशा पुस्तकातून नव्हे, आमच्या टेबलावरच उचललं. मला तो ‘बाबा’ म्हणू लागला. श्टुटगार्टच्या मंडळाच्या गणपतीत मी त्याची ओळख “आमच्या मुलीचे मिस्टर” अशी करून देत असे आणि लगेच दुसरा विषय काढत असे. कोणी काही विचारत नव्हतं. विचारलं जाईल, ही भीती माझीच होती. त्या पुढच्या वर्षी अधिक महिना आला तेव्हा पत्नीने खपून अनारसे केले, वर दिवा ठेवून जावयाला वाण दिलं. त्या संध्याकाळी मी कामावर थांबलो. गाडीच्या ब्रेकच्या चाचण्या दुसऱ्या दिवशीही करता आल्या असत्या.

त्याच वर्षी शरद ऋतूत मुलीला दिवस राहिल्याचं कळलं. आधी एकदा राहिलेले टिकले नव्हते, त्यामुळे आनंद सगळ्यांनी हळू आवाजात केला. कुंभकोणमच्या जवळ गर्भाचं रक्षण करणाऱ्या देवीचं एक जुनं देऊळ आहे. तिथे जाऊन यावं, असं पत्नीच्या मनात आलं. मेहुणे निवृत्त झाल्यापासून दक्षिणेतली देवळं पाहत हिंडत होते. त्यांनी नाताळच्या सुट्टीचा बेत आखला, हॉटेल ठरवलं, गाडी ठरवली. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हरकत घेतली नाही. आम्ही चौघं जर्मनीहून, मेहुणे आणि वहिनी पुण्याहून, असे सहाजण कुंभकोणमला जमलो.

हे गाव पाहताना मला वाटलं होतं की इथे देवळांखेरीज मला दुसरं काही दिसणारच नाही. रस्ता कुठलाही धरा, त्याच्या टोकाशी एक गोपुर उभं असतं. मार्गळीचे, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाचे दिवस होते; बायका पहाटे दारात सडा घालून पांढऱ्या रांगोळ्या काढत आणि मध्यावर शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोवून ठेवत. भांड्यांच्या दुकानांतून पितळेवर हातोडी पडल्याचा आवाज येई. मेहुण्यांना सगळं ठाऊक होतं. “हा आपलाच मुलूख बरं का,” ते जावयाला इंग्रजीत सांगत, “तंजावरला मराठे राज्य करत होते.” जावई मान डोलावून म्हणे, “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, आणि पुढे मराठीत, “वाचलं मी.”

देवीच्या देवळाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जे झालं त्यात देवळाचा दोष नव्हता.

आदल्या दिवशी जावयाने बाजारात वेष्टी घेतली होती. तिकडे पुरुष देवळात जाताना नेसतात ते पांढरं धोतर. दुकानदाराने त्याला ती पॅंटवरूनच नेसवून दाखवली होती. सकाळी खोलीत त्याने स्वतः सराव केला असावा, कारण तो खाली आला तेव्हा वेष्टी व्यवस्थित होती आणि निरीचा काठ त्याने दोन बोटांत उचलून धरला होता. मेहुणे त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले.

“वा. जावईबापू, हा तर तुमच्यापेक्षा भटजी दिसतोय. तुम्ही आपले इस्त्रीच्या पॅंटीत.”

“त्यांना नेसता येत नाही,” पत्नी म्हणाली. “लग्नात पट्टा बांधला होता आतून.”

सगळे हसले. मीही हसलो.

देवळात पोचलो तेव्हा प्रांगण नुकतंच धुतलेलं होतं. फरशी निसरडी, म्हणून पत्नीने मुलीचं कोपर धरलं होतं. मेहुणे आणि वहिनी त्यांच्याही पुढे होते. मी आणि जावई मागे राहिलो. ध्वजस्तंभाच्या बाजूला भिंतीवर एक पाटी होती, तमिळ आणि इंग्रजीत. रंग उडाला होता, पण वाचता येत होती: हिंदूंखेरीज इतरांनी यापुढे जाऊ नये. जावयाने ती वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, मी काय करू?” त्याने जर्मनमध्ये विचारलं.

पाटीशेजारी स्टुलावर एक रखवालदार वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने मान वर केली नव्हती. थोडं पलीकडे देवस्थानच्या कचेरीची खिडकी उघडी होती. दोघांपैकी कोणालाही एका वाक्यात विचारता आलं असतं: हा माझा जावई आहे, पूजा याच्या बाळासाठी आहे, येऊ का घेऊन? मी विचारलं नाही. चाचणीच्या हॉलमध्ये नवीन माणसांना सूचना देताना माझा जो आवाज असतो त्या आवाजात मी म्हणालो, “नियम आहे. तू इथे थांब. आम्ही येतोच.”

“नाट्युर्लिश,” तो म्हणाला. अर्थातच.

मग माझी खांद्यावरची पिशवी मी त्याच्याकडे दिली. पुढे जाऊन पत्नीची पर्स, मेहुण्यांची कापडी थैली आणि पाण्याच्या बाटल्याही घेऊन परत आलो आणि त्याच्या हातात ठेवल्या. “एवढं सांभाळ,” म्हणालो.

त्या क्षणी मला हलकं वाटलं. हे लिहायला मला जड जातं, पण हलकंच वाटलं. आत गेल्यावर पुजारी संकल्पासाठी घरातल्या प्रत्येकाचं नाव, गोत्र, नक्षत्र विचारणार आणि मोठ्याने उच्चारणार, हे मला माहीत होतं. त्या रांगेत, मेहुण्यांच्या आणि वहिनींच्या देखत, मला एक जर्मन नाव सांगावं लागणार होतं आणि गोत्र विचारलं की गप्प बसावं लागणार होतं. सकाळपासून मनाच्या तळाशी ते टोचत होतं. पाटीने ते काम माझ्या अंगावरून उतरवलं.

गाभाऱ्यासमोर गर्दी बेताची होती. पुजाऱ्यांनी मेहुण्यांपासून सुरुवात केली. त्यांनी आपली माहिती खणखणीत सांगितली आणि तुपाचे दिवे आणायला पलीकडच्या खिडकीकडे गेले. वहिनीही त्यांच्या मागे गेल्या. मग माझी पाळी. मी माझं नाव, गोत्र, नक्षत्र सांगितलं, पत्नीचं सांगितलं, आणि त्याच ओघात, त्याच गोत्रावर, मुलीचं नाव सांगितलं.

पुजाऱ्यांनी मुलीकडे पाहिलं. पूजा कशासाठी आहे हे त्यांना कळलेलंच होतं. “हजबंड? नेम, नक्षत्रम्?” त्यांनी तिला विचारलं.

उत्तर मी दिलं. “ही हॅज नॉट कम,” मी म्हणालो. “ही इज इन जर्मनी.”

पत्नीने माझ्याकडे वळून पाहिलं. मुलगी हलक्या आवाजात जर्मनमध्ये म्हणाली, “बाबा, तो बाहेर उभा आहे.” आणि मग, “तू आत्ता मला लेडिग करून टाकलंस.” लेडिग म्हणजे अविवाहित, इथल्या प्रत्येक सरकारी अर्जावर त्याची एक चौकट असते. तिने तो शब्द अगदी शांतपणे वापरला. नंतर ती पुजाऱ्यांकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, “माझा नवरा बाहेर आहे. त्याचं नाव सांगते.” तिने नाव सांगितलं. पुजाऱ्यांना ते लागेना. तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी ओठांवर घोळवून पाहिलं, एकदा चुकलं, मग जमलं.

“गोत्रम्?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या समईकडे पाहत होतो.

“नॉट नोन?” पुजारी म्हणाले. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. “काश्यप गोत्रम्. नक्षत्रम् नॉट नोन, नो प्रॉब्लेम.” आणि ज्यांना आपलं गोत्र ठाऊक नसतं त्यांच्यासाठी पूर्वापार जे चालत आलं आहे त्याप्रमाणे, काश्यप गोत्रात जन्मलेला अमुक नावाचा, असं म्हणून त्यांनी माझ्या जावयाचं नाव मुलीच्या नावाआधी देवीसमोर उच्चारलं. आमच्या घराण्यातल्या कोणाचंही नाव त्यांनी इतक्या काळजीने उच्चारलं नव्हतं.

पूजा झाल्यावर प्रसादाचं तूप देताना ते थांबले. “आउटसाइड? कॉल, कॉल. बोथ टेक.”

म्हणजे विचारलं असतं तर नाही म्हटलं गेलं नसतं. निदान त्या सकाळी, त्या माणसाकडून तरी नाही. बोलवायला मी जायला हवं होतं. त्याला थांबवलं मी होतं. मी जागचा हललो नाही. ओल्या फरशीवरून, एक हात भिंतीला धरत, मुलगी गेली. ती परतली तेव्हा एकटीच होती.

“तो नको म्हणतो,” ती म्हणाली. “बाबांनी नियम सांगितलाय, म्हणतो.”

तूप आम्ही द्रोणात बाहेर घेऊन आलो. तो जिथे मी सोडलं होतं तिथेच उभा होता. सगळ्यांच्या पिशव्या दोन्ही खांद्यांना अडकवलेल्या, फरशी ओली म्हणून एकही खाली ठेवलेली नाही. वेष्टीचा काठ अजून बोटांत होता.

“छान झालं?” त्याने विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

एवढ्यात मेहुणे मागून आले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं. “अहो जावईबापू, याला का इथे खांबासारखा उभा केलाय? मी आत शोधतोय.”

“पाटी आहे.”

“पाट्या काय, असतात. विचारलंत का कोणाला?”

“नाही.”

“अहो, मग कमाल आहे. मी एवढा धोतर नेसलेला जावई दाखवायचा म्हणून पुजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, आमच्या भाचीचे यजमान येताहेत, परदेशी आहेत, जरा सांभाळून घ्या. पंतोजी आहेत म्हटलं, शिकवाल ते म्हणतील.” ते हसले आणि आपली थैली त्याच्या खांद्यावरून काढून घेऊ लागले. “दे रे बाबा. हमाल झालास सासऱ्याचा.”

मी ज्यांना लाजत होतो, ते वाट करून ठेवून पुढे गेले होते.

पुढच्या दोन-तीन दिवसांत आम्ही गावातली आणि आसपासची पुष्कळ देवळं पाहिली, आणि प्रत्येक दारात एकच गोष्ट घडली. दारासुरमला रथाच्या आकाराच्या मंडपाची पायरी चढण्याआधी जावई थांबला आणि मला म्हणाला, “इथे चालेल का?” तिथे पाटी नव्हती. कुंभकोणमच्या मोठ्या तळ्याच्या पायऱ्यांवर, जिथे शेंगदाणेवालेही बसलेले असतात, तिथेही त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं; मी घरातला मोठा, मला इथले नियम ठाऊक. प्रत्येक वेळी मी पुढे जाऊन कोणालातरी विचारून येत असे आणि सांगत असे, “चालेल, ये.” आता मला विचारता येत होतं.

“बाबा ओर्डनुंग्सआम्टमध्ये लागलेत,” मुलगी आईला म्हणाली. चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांना चिठ्ठ्या चिकटवत फिरणारं इथलं खातं ते.

तंजावरच्या मोठ्या देवळात मेहुण्यांनी आम्हाला प्राकाराच्या भिंतीवर कोरलेला मराठी लेख दाखवला. ओळींमागून ओळी, सगळी देवनागरी अक्षरं. मुलीला देवनागरी वाचता येत नाही. ते आम्ही तिला कधी नेटाने शिकवलंच नाही. जावई भिंतीपासून एक हात अंतर ठेवून उभा राहिला. “जवळ जाऊ का?” त्याने मला विचारलं. मी हो म्हटलं. मग तो अक्षराला अक्षर लावत वाचू लागला. शब्द जुने होते, त्याला कळत नव्हते, पण तो मोठ्याने वाचत होता आणि चुकला की वहिनी दुरुस्त करत होत्या. हे तो केव्हा शिकला, हे मला माहीत नव्हतं. रविवारी तो आमच्याकडे येई तेव्हा मी बहुतेक वेळ टीव्हीवरच्या बातम्या पाहत असे.

जर्मनीत परतल्यावर भांडण झालं नाही. रविवारचं येणं तेवढं थांबलं. कधी ती दमलेली असे, कधी सुईणबाईंचा वर्ग असे, कधी त्याला शाळेच्या वह्या तपासायच्या असत. कारणं सगळी खरी होती. पत्नी मात्र त्यांच्याकडे जाऊन येई, डबा नेई. मला कोणी या म्हणत नव्हतं, आणि येऊ नका असंही म्हणत नव्हतं.

एका शनिवारी आमच्याकडे केअरवोखं होतं, म्हणजे जिना आणि तळमजला झाडून पुसण्याची आठवड्याची पाळी. इथे ती दारावर पाटी लटकवून एका घराकडून दुसऱ्याकडे जाते आणि मी ती इतक्या वर्षांत कधी चुकवलेली नाही. मी फडकं पिळत होतो. पत्नी दारात येऊन उभी राहिली.

“अहो, एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला पाटी दिसली, की पाटी बरी वाटली?”

मी फडकं पिळत राहिलो.

“मला वाटलंच,” ती म्हणाली. “लेक म्हणते, बाबांनी जे बोलायचं ते त्याच्याशी बोलावं, माझ्याशी नाही. आणि बारशाच्या आधी बोलावं. तोवर ती काही ठरवणार नाही.”

“काय ठरवणार नाही?”

“तुम्ही बारशाला असावं की नाही, ते.”

यानंतरही मी पुष्कळ आठवडे गेलो नाही. हे मी स्वतःला कसं समजावलं, ते आठवतं: कामावर नव्या गाडीच्या चाचण्या सुरू होत्या; तिला या दिवसांत त्रास नको; तोच कधीतरी येईल, तेव्हा सहज बोलू. आपल्याकडे मोठी माणसं अशी सहजच सुटतात. धाकटे पाया पडतात आणि विषय संपतो. मी त्याची वाट पाहत होतो. तो वाकून नमस्कार करायलाही आमच्याच घरी शिकला होता.

वसंत ऋतूत मी अखेर त्यांच्या सिंडेलफिंगेनच्या घरी गेलो. मुलगी तपासणीला गेली होती, हे पत्नीकडून कळलं होतं. तिच्यासमोर बोलायचा धीर नव्हता म्हणून मी ती वेळ निवडली. जावई जमिनीवर बसून बाळाची खाट जोडत होता. लाकडाच्या पट्ट्या, स्क्रूच्या पुड्या आणि चित्रांचा सूचनेचा कागद भोवती पसरलेला. त्याने मला बसायला खुर्ची दिली. मी जमिनीवरच बसलो.

मी जर्मनमध्ये बोलायला लागलो. ही भाषा मी अर्ध्या आयुष्याहून जास्त बोललो आहे. कुठल्या तापमानाला ब्रेक कसा वागतो हे मी तिच्यात न अडखळता सांगतो. हे सांगताना प्रत्येक वाक्याला अडखळलो. तुला त्या दिवशी थांबवलं ते चुकलं, म्हणालो. कोणाला विचारलं नाही, ते चुकलं. पाटीमागे मी लपलो.

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “मला वाटलं, तुम्ही आत विचारायला गेलात,” तो म्हणाला. “पिशव्या देऊन गेलात ना, म्हणून वाटलं, आता विचारून येतील. आतून कोणी आलं की मी सरळ उभा राहत होतो.”

“मग ती बोलवायला आली, तेव्हा का आला नाहीस?”

“तुम्ही आला नाहीत म्हणून. वाटलं, आत तुम्हाला अडचण होत असेल.” त्याने थोडा विचार केला. “ठीक आहे, बाबा. पाटी होती. माझी आजी मला तिच्या चर्चमध्ये टोपी घालून येऊ द्यायची नाही.” आणि तो हसला. मला सोपं करून देत होता.

त्या वेळी मला कळलं की मुलीने त्याला फक्त पाटीपर्यंतचंच सांगितलं आहे. आत काय झालं, मी पुजाऱ्यांना काय म्हणालो, ते तिने त्याला सांगितलेलं नव्हतं. इतके महिने ते तिने स्वतःजवळ ठेवलं होतं. मला वाचवायला की त्याला, हे मला ठाऊक नाही. त्याने मला माफ केलं होतं, पण अर्ध्याच गोष्टीबद्दल. उठून निघालो असतो तरी चाललं असतं. तो मला दारापर्यंत पोचवायला आला असता.

“अजून एक आहे,” मी म्हणालो. “आत पुजाऱ्यांनी विचारलं, मुलीचा नवरा कुठे आहे. मी सांगितलं, आला नाही, जर्मनीत आहे.”

हातातली लाकडी पट्टी त्याने उलटसुलट करून पाहिली, जणू तिच्यावर छिद्र कुठे आहे हे शोधत होता.

“तिच्यासमोर?”

“हो.”

“बाळाच्या पूजेत?”

“हो.”

त्याने पट्टी खाली ठेवली. “आणि पुजारी?”

मी सगळं सांगितलं. तिने तुझं नाव घेतलं, त्यांनी ते दोनदा विचारून नीट लावून घेतलं, तुला गोत्र दिलं. गोत्र म्हणजे काय, काश्यप म्हणजे काय, हे समजावून सांगितलं. ज्याचं कूळ माहीत नाही त्यालाही बाहेर ठेवायचं नाही म्हणून ही सोय आहे, असं सांगितलं. हे मी समजावतो आहे याचीच मला लाज वाटत होती.

“म्हणजे त्या माणसाने घेतलं मला,” तो म्हणाला. “तुम्ही नाही.”

“हो,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. त्यानंतर कॉफी विचारली नाही. “ती येईपर्यंत मला थोडं एकट्याला बसायचंय,” एवढं म्हणाला, आणि ते त्याने सभ्यपणे म्हटलं. मी माझे बूट घालून जिना उतरलो. दारापर्यंत तो आला नाही, हे बरोबर होतं.

रात्री जेवणाच्या वेळी मुलीचा फोन आला. पत्नीशी बोलून झाल्यावर तिने मला मागितलं.

“त्याने सांगितलं,” ती म्हणाली. “तू सगळं सांगितलंस म्हणून.”

“हो.”

“मला वाटलं नव्हतं तू सांगशील.”

मी तिला विचारलं, “बारशाला मी येऊ का?”

“ते मला नको विचारूस,” ती म्हणाली. “त्याला विचार.” आणि तिने फोन त्याच्याकडे दिला नाही, ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेनंतर मी त्याला फोन केला. काय म्हणायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, पण प्रत्यक्षात एकच वाक्य विचारलं. पलीकडे शाळेच्या अंगणात मुलं ओरडत होती. मी थांबलो. कोणाच्या तरी होकाराची वाट पाहत मी असा बऱ्याच वर्षांत उभा राहिलो नव्हतो. सुरुवातीच्या काळात परदेशी लोकांच्या कचेरीत उभा राहिलो असेन, पण तिथे माझ्याकडे कागद असत.

“आई बारशाचं सगळं करणार आहेत,” तो शेवटी म्हणाला. “माझी बहीण आत्या म्हणून नाव ठेवणार. तुम्ही आलात तर मला चालेल.”

त्याने या म्हटलं नाही. चालेल म्हटलं. मी आभार मानले, आणि फोन आधी त्याने ठेवावा म्हणून थांबून राहिलो.